बाजारपेठेची बैठक आणि विसरलेलं मखर

आज दुकान अर्धा तास लवकर बंद केलं. चिपळूणच्या आम्हा बाजारपेठवाल्यांची गणपतीआधीची बैठक होती. पार्किंगवरून नेहमीसारखी जुंपली, ते सोडा. ठरलं एवढंच: चतुर्थीआधीचे पाच दिवस दुकानं रात्री दहापर्यंत उघडी, आणि मालाचे टेम्पो सकाळी नवाच्या आत रिकामे. चाकरमानी गाडीतून उतरला की आधी बाजारात डोकावतो. त्याला शटर बंद दिसलं, तर पुढच्या वर्षी सगळं मुंबईतच घेऊन येईल.

मग मागून कुणीतरी विचारलं, "आणि पाणी आलं तर?"

एकदम शांतता. २२ जुलै २०२१. पुरात वाशिष्ठी नदी माझ्या दुकानाच्या माळ्याला टेकली होती. चिखलातले तागे उचलताना हात थरथरत होते. भिंतीवरची ती रेघ मी अजून रंगवलेली नाही. जोराचा पाऊस आणि खाडीची भरती एकत्र आली की इथे पाण्याला जायला वाट उरत नाही, हे आता पोरंही सांगतात. म्हणून भरतीच्या वेळा रोज ग्रुपवर टाकायच्या, असं ठरलं. काम अर्थात माझ्या गळ्यात!

चहा मात्र फक्कड होता. घरी आलो तर हिचा पहिला प्रश्न, "मखराचं सामान आणलंत?"

दिवसभर बाजारातच होतो की हो मी.