तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं खरंच साहेबामुळे नोकरी सोडतात का?

नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीवर मी संशोधन करते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "माणसं कंपनी नाही, साहेब सोडतात म्हणे. खरं ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा एक ठरावीक साहेब उभा असतो, हे चेहऱ्यावरून कळतं.

माझं उत्तर: अर्धं खरं.

ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या संशोधकांनी 1985 साली या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. पहिल्या दोन कुणालाही कळतात. तिसरी जास्त छळते. ऑफिसात ज्या करारीपणाबद्दल शाबासकी मिळते, तोच घरी मुलाशी बोलताना नडतो. त्यावर रजेचा अर्ज चालत नाही.

साहेबाचा वाटा मोजायला 2009 साली हॅमर, कोसेक या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 14 विधानांची प्रश्नावली तयार केली. विधान जितकं पटेल तितक्या मोठ्या आकड्यावर गोल करायचा, 1 ते 5. साहेब ऐकून घेतो का, अडीनडीला मदत करतो का, कामाची नव्याने आखणी करतो का, आणि स्वतःच्या वागण्यातून काय दाखवतो. माझ्या अभ्यासात ही प्रश्नावली भरताना शेवटच्या मुद्द्याशी एका बाईंचं पेन थांबलं. "मॅडम, साहेब म्हणतात, निघा तुम्ही खुशाल. पण स्वतः रात्री नऊपर्यंत खुर्ची सोडत नाहीत. मग मी उठू कशी?" शेवटी त्यांनी 3 वर गोल केला. सवलत नियमात असते, पण ती घ्यायची हिंमत होते की नाही, हे अशा खुर्चीवर ठरतं.

आता उरलेलं अर्धं. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत 1612 जणांवर सहा महिने प्रयोग झाला. निष्कर्ष 2024 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आले. ज्यांची जन्मतारीख विषम, त्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम. बाकीचे रोज ऑफिसात. साहेब तेच, पगार तोच. तरी नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि काम काही घसरलं नाही. फायदा झाला तो बायकांना, लांबून येणाऱ्यांना आणि जे स्वतः साहेब नव्हते त्यांना. काम बसेल अशी धास्ती आधी साहेबमंडळींना होती; प्रयोगानंतर त्यांचंही मत बदललं.

हा प्रयोग मला मोलाचा वाटतो, कारण नोकरी प्रत्यक्ष सोडली का हे त्यात मोजलंय. आम्ही बहुतेकदा 'सोडायचा विचार आहे का' एवढंच विचारतो. सोमवारी सकाळी कुणाला नसतो हो तो?

आणि या प्रश्नाला खरं उत्तर मिळणंही कठीण. 'वर्षभरात दुसरी नोकरी शोधेन' या विधानापुढे त्याच बाईंनी आधी 5 वर गोल केला. मग दाराकडे बघून तो खोडला आणि 2 वर केला. कागद साहेबांकडे जाणार, असं त्यांना वाटलं होतं. जाणार नव्हते, तसं मी सुरुवातीलाच दोनदा सांगितलं होतं.