दोन लेन्स, एक कडा आणि तळहाताएवढं डबकं

लँडस्केपसाठी वाईड अँगल झूम, म्हणजे खूप रुंद दृश्य फ्रेममध्ये मावणारी लेन्स, घ्यायची, तीही परवडणारी, ह्या एका विषयावर मी चार महिने नुसते रिव्ह्यू वाचत बसलो होतो. शेवटी मित्र वैतागला. "अरे वाचून काय होणारे? माझ्याकडे दोन पडल्यात, दोन्ही घेऊन जा आणि दोन दिवस फिरून ये." मग काय, सॅक भरली आणि निघालो, वर कडा, खाली तळं, मुक्काम कड्यावर तंबूत.

माझा कॅमेरा कॅननचा क्रॉप बॉडीवाला, म्हणजे आतला सेन्सर लहान. मित्राची एक लेन्स म्हणजे कॅननची १०-१८ (मिलिमीटर, आकडा जितका लहान तितकं रुंद दिसतं), एफ ४.५-५.६ (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं, प्रकाश जास्त), हाताचा थरथराट सांभाळणाऱ्या स्टॅबिलायझेशनवाली. दुसरी एफ २.८ वाली वाईड झूम, जुनी, बऱ्याच हातांतून फिरलेली, म्हणून तिचं नाव सांगत नाही, म्हातारपणाचे दोष कंपनीच्या माथी कशाला. पहिलीचं वजन २४० ग्रॅम, दुसरी अर्ध्या किलोच्या वर. घरी हा फरक फालतू वाटतो, पण तिसऱ्या चढाला मी मनातल्या मनात एफ २.८ ला शिव्या द्यायला सुरुवात केली होती.

ज्यांना प्रश्न पडतो की कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स १८ पासून सुरू होते, मग १० साठी वेगळे पैसे कशाला, त्यांच्यासाठी. आकडा ८ नेच कमी होतो हे खरं, पण कॅननच्या क्रॉपवर १८ ला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ७४ अंश दिसतं आणि १० ला १०७. फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, भाषेत २९ च्या जागी १६. कड्यावर पोचल्यावर पहिल्यांदा व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तेव्हा तोंडातून "आई गं" निघालं, अख्खं तळं, दोन्ही बाजूचे डोंगर, वरचे ढग, सगळं आत.

आणि फोटो? एकदम बंडल. समोरचा एवढा मोठा डोंगर स्क्रीनवर मुंग्यांच्या वारुळासारखा, खाली अर्धी फ्रेम नुसती माती, एका फोटोत तर ट्रायपॉडचा पाय आणि माझ्या बुटाचं टोकपण आलेलं. सगळं मावतंय म्हणून सगळं लहान होतं, हे रिव्ह्यूत कधी डोक्यात शिरलं नव्हतं, तिथे दहा मिनिटांत शिरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कातळावर पावसाचं पाणी साचलेलं एक डबकं सापडलं, खरंच तळहाताएवढं. १०-१८ फोकस करते २२ सेंटिमीटरपासून. मी पालथा झोपलो, कॅमेरा जवळजवळ पाण्याला टेकवला आणि मग मजा सुरू झाली. डबक्याचं झालं सरोवर, त्यात मागचा डोंगर उलटा, काठावरचं शेवाळ जंगलासारखं. १० एमएम आणि एफ ८ असेल तर साधारण ६५ सेंटिमीटरवर फोकस लावला की ३३ च्या पुढचं सगळं, पार क्षितिजापर्यंत, बऱ्यापैकी शार्प येतं. फक्त ह्या लेन्सला अंतराची पट्टी नाही आणि फोकस रिंग मोटरवर चालते, कॅमेरा बंद असेल तर नुसती फिरत राहते, त्यामुळे अंदाजाने अर्ध्या मीटरच्या जरा पुढच्या दगडावर फोकस लावून मॅन्युअलवर टाकली. डबक्याचा अगदी अलीकडचा काठ थोडा मऊ, म्हणजे धूसर आला, चालायचंच.

पोलरायझर (चकाकी कापणारा, फिरवायचा फिल्टर) लावून बघितला तर अजून एक गंमत. फिरवला की पाण्यातला डोंगर गायब आणि तळातले खडे दिसायला लागले, परत फिरवला की डोंगर हजर. पण वर आकाशात मधोमध गडद निळा पट्टा आला, दोन्ही बाजूंना फिकट. एवढ्या वाईडला हे होणारच, कारण सूर्यापासून ९० अंशावरचं आकाशच सगळ्यात जास्त गडद होतं आणि इथे फ्रेममध्ये सगळ्याच दिशांचं आकाश येतं. काढून ठेवला.

मग एफ २.८ चं काय? सूर्य फ्रेममध्ये घेतला तर त्या म्हाताऱ्या लेन्सने रंगीत ठिपक्यांची माळच दिली, आणि दिवसा मी तसाही एफ ८ ते ११ च्या बाहेर गेलो नाही, म्हणजे एवढं मोठं छिद्र नुसतं खांद्यावरून वाहिलं. रात्री मात्र तिने वसूल केलं हां. २० सेकंद, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) ३२००, तारे टिपटॉप. तेच १०-१८ वर एफ ४.५ ला करायचं तर अडीचपट प्रकाश कमी, आयएसओ ८००० पर्यंत न्या आणि फोटोतले दाणे मोजत बसा. तेव्हा ताऱ्यांचं वेड असेल तर माझं ऐकू नका. मी वर्षातून एकदा तारे काढणार, तेही थंडी वाजायला लागेपर्यंत.

मी १०-१८ घ्यायची ठरवली, तीपण सेकंडहँड. माउंट (कॅमेऱ्यात बसणारी मागची कडी) प्लास्टिकचा आहे, पण २४० ग्रॅमच्या लेन्सला तो काय जड नाही. निकॉनवाल्यांना ह्याच जातीची १०-२० एएफ-पी (वेगळ्या प्रकारच्या फोकस मोटरवाली) आहे, पण डी ९० किंवा डी ३१०० सारख्या जुन्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही, आधी बघून घ्या.

सेकंडहँड घेताना विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून एफ ८ ला फोटो काढा आणि चारही कोपरे झूम करून बघा. मला मिळालेल्या पहिल्या पीसचा डावा खालचा कोपरा एवढा मऊ होता की विटा विरघळल्यासारख्या दिसत होत्या, बाकी तिन्ही कोपरे ठणठणीत. तो तिथेच परत केला, दुसरा घेतला.

मित्राच्या लेन्स परत द्यायला गेलो तर त्याने आधी १०-१८ चं ऊन अडवणारं पुढचं हूड उलटं करून बघितलं. "हे शेवाळ कुठून आलं रे?"