बॉम्ब न पडलेल्या गावातली लढाई

नागपूरवर कधी बॉम्ब पडला नाही. त्यामुळे लढाईच्या आठवणी ऐकायला मी नागपूरला चाललेय म्हटल्यावर आमच्या नगरच्या घरी सगळ्यांनी भुवया उंचावल्या. नगरला निदान किल्ला आहे, १९४२ साली नेहरूंना तिथेच आणून ठेवलं होतं, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. नागपूरला काय, तर संत्री.

बोलावणं आत्याचं होतं. लग्न होऊन ती नागपूरच्या सदर भागात गेली त्याला पन्नासेक वर्षं झाली, आणि आता तिच्या बोलण्यात 'मले-तुले' इतकं मुरलंय की नगरचे नातेवाईक तिची नक्कल करतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी लढाईत गेलेल्यांसाठी प्रार्थना होते, ती त्यांच्या चर्चच्या मंडळीत दरवर्षी व्हायचीच. पाळकसाहेब दोन मिनिटं उभं राहायला सांगायचे, एक गीत व्हायचं आणि लोक घरी जायचे. यंदा महिला मंडळाने ठरवलं की उपासनेनंतर हॉलमध्ये बसायचं आणि ज्याच्या घरचं जे माणूस गेलं होतं, राबलं होतं, वाट बघत बसलं होतं, त्याची गोष्ट सांगायची. "तुले लिहायची खोड आहे, तर ये," आत्या फोनवर म्हणाली. मी तिकीट काढलं.

शनिवारी सकाळी स्टेशनवर उतरले तर हवेत चांगला गारवा होता. आतेभाऊ स्कूटर घेऊन आला होता. घरी जायच्या आधी त्याने तर्री-पोहे खायला घातले. तर्रीबद्दल मी इथे काही लिहीत नाही. डोळ्यांतून पाणी आलं एवढं पुरे.

दुपारी सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल बघून आले. १८५१ सालची ही वास्तू, तेव्हा छावणीतल्या आणि रेसिडेन्सीतल्या इंग्रजांसाठी बांधलेली. १९०३ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आयर चॅटरटन पहिले बिशप झाले आणि या चर्चचं कॅथेड्रल झालं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही नागपुरातच. आत्या त्या दिवशी नागपुरात नव्हती, पण तिच्या सासूबाई मांडवात होत्या. त्यांना आठवायची ती गर्दी.

इंग्रजांच्या काळातल्या चर्चमध्ये गेलं की मी भिंतींवरच्या पाट्या वाचत सुटते. सगळीकडे साधारण तीच माणसं भेटतात: कर्नल, मेजर, एखादा कलेक्टर, तापाने गेलेली त्याची तरुण बायको. पितळेवर आणि संगमरवरावर नाव कोरायला पैसे लागतात, आणि ते रेजिमेंटच्या मेसकडे असायचे. त्याच मेसमध्ये रोटी भाजणाऱ्याचं, खेचरं हाकणाऱ्याचं, डोली वाहणाऱ्याचं नाव कुठे लिहिलेलं असेल तर ते कुणाच्या तरी घरच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू असं ओळीने लिहायची आपल्याकडे पद्धत होती. रविवारी हॉलमध्ये अशी तीन-चार शास्त्रं आली, कापडात गुंडाळून.

रविवारची उपासना नेहमीसारखी झाली. टिळकांचं एक भजन झालं. रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती होण्याआधी नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे काम करायचे, त्यामुळे नागपूरकर त्यांना निम्मे आपलेच मानतात. नगरकर पूर्ण आपले मानतात, हा वाद आत्याशी दर भेटीत होतो.

मग हॉल. खुर्च्या गोल मांडलेल्या, चहा, सांबारवडीचे, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचे, दोन मोठे डबे. सुरुवात कोण करणार यावर बरीच "तुम्ही सांगा, तुम्ही सांगा" झाली. शेवटी मीच आगाऊपणे म्हटलं, नागपूरवर तर बॉम्ब पडलाच नव्हता, मग इथे लढाई कळली कशी? कोपऱ्यातल्या एका आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्पच झाले.

"काहून बापा, बॉम्ब पडला तरच लढाई का? आमच्या घरी तं चार वर्षं लढाईच होती."

आजी नव्वदीच्या पुढे. वडील बंगाल-नागपूर रेल्वेत फायरमन. तिला आठवतं ते हे: बाबा घरी नसणं. नागपूर म्हणजे मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास या दोन्ही वाटांचा नाका, त्यामुळे पूर्वेच्या आघाडीकडे जाणारं पुष्कळसं सैन्य, दारूगोळा, घोडे, खेचरं इथूनच पुढे सरकायची. एका ड्युटीवर गेलेला माणूस कधी परत येईल याचा नेम नसायचा, कारण मिलिटरी स्पेशल आली की बाकीच्या गाड्या बाजूला उभ्या. बाबा वॉल्टेअरपर्यंत, म्हणजे विशाखापट्टणमच्या स्टेशनपर्यंत जायचे. ६ एप्रिल १९४२ ला जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले तेव्हा ते त्या बाजूला होते, आणि घरी खबर यायला बरेच दिवस लागले. आई रोज संध्याकाळी आम्हाला घेऊन क्वार्टरच्या पायरीवर बसायची, आजी म्हणाली, आणि तारवाला दिसला की आत जायची. तार घ्यायलाच कोणी नसलं तर ती वाईट निघणार नाही असं काहीतरी तिच्या मनात असावं. बाबा आले ते कोळशाने माखलेले, आणि आल्या आल्या झोपले. "बॉम्बाचं काई सांगितलं नाही त्यानं. भूक लागली म्हणाला."

तिने पिशवीतून मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा काढून दाखवला. १९४३ पासून धातू वाचवायला सरकारने असे पैसे पाडले होते. आम्ही हे दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचो, ती म्हणाली, आणि लगेच राशनच्या ज्वारीत किती माती असायची त्यावर गेली. तिथून ती पुष्कळ वेळ हललीच नाही. रॉकेलची रांग, कंट्रोलचं कापड, एकाच ताग्यातलं कापड मिळाल्याने नाताळाला सगळ्या पोरींचे सारखेच फ्रॉक. मला वाटतं, कुठल्याही लढाईच्या इतिहासात ही ज्वारी इतकी सविस्तर कुणी लिहिली नसेल.

मग एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या मावशीबद्दल सांगितलं. मावशी नर्स. त्या काळी परिचारिकेच्या कामाला बऱ्या घरचे लोक नाक मुरडायचे; परक्या पुरुषाला हात लावणं, रक्त, घाण, सगळंच वर्ज्य. त्यामुळे या कामात बहुतेक मुली ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांतल्याच होत्या, मिशनच्या दवाखान्यांत शिकलेल्या. सीताबर्डीचं मूर मेमोरियल हे स्कॉटिश मिशनचं बायकांचं हॉस्पिटल असंच. लढाईत मिलिटरी नर्सिंगला माणसं हवी झाली तेव्हा मावशीने नाव दिलं आणि ती आसामकडे गेली. गोळी लागलेल्यांपेक्षा हिवतापाचे रोगी कितीतरी जास्त, असं ती सांगायची. ते खरंच होतं: १९४३ साली त्या आघाडीवरून एका जखमी सैनिकामागे सुमारे १२० आजारी मागे आणावे लागत. हिवतापावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्या खाऊन सगळ्यांची कातडी पिवळी पडायची, डॉक्टरांची आणि नर्सेसचीसुद्धा. मावशी सुट्टीवर घरी आली तेव्हा शेजारणींनी कावीळ समजून तिला कडू औषधं पाजली. हॉल हसला. मग शिक्षिका म्हणाल्या की मावशीचं लग्न झालं नाही, "फौजेत राहिलेली" म्हणून स्थळंच आली नाहीत, ती दोन भाच्यांची फी भरत राहिली आणि त्यातली एक मी. कुणी काही बोललं नाही. बाजूच्या बाईने तिच्या हातात वडीची बशी ठेवली.

कामठीहून आलेल्या एका तमिळ कुटुंबाची गोष्ट वेगळीच होती. कामठीची छावणी १८२१ सालची, आणि तिथे मद्रास आर्मीच्या पलटणी असत, त्यामुळे तमिळ आणि तेलुगू ख्रिस्ती घरं तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. यांचे आजोबा रंगूनला एका गोदामात कारकून. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर पहिला हल्ला झाला आणि शहर फुटलं. बोटीचं तिकीट मिळेना, म्हणून प्रोमपर्यंत गाडीने आणि तिथून डोंगर ओलांडून टाउंगुपपर्यंत चालत. वाटेत पटकी. रस्त्याच्या कडेला पडलेल्या माणसांकडे बघायचं नाही अशी आजीने पोरांना ताकीद दिली होती. १९४२ च्या त्या महिन्यांत पाच लाखांच्या आसपास हिंदी माणसं अशी ब्रह्मदेशातून निघाली. किती वाटेत राहिली याची धड मोजदाद नाही. या घरातलं एक दीड वर्षाचं मूल राहिलं. सांगणारे गृहस्थ त्या मुलाचे धाकटे भाऊ, नंतर कामठीत जन्मलेले. त्यांचं नाव तेच ठेवलंय.

पहिल्या महायुद्धाची एकच गोष्ट आली, तीही तोकडी. पणजोबा जखमींच्या डोल्या वाहणारे म्हणून मेसोपोटेमियात गेले, जिवंत राहिले, १९१९ मध्ये बसऱ्याहून परत आले. तोवर १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत घरी बायको आणि थोरला मुलगा गेलेले. त्या साथीने देशात ज्या भागांत सर्वांत भयंकर हाहाकार माजवला, त्यांत मध्य प्रांत होता. पणजोबांनी दुसरं लग्न केलं, त्यातून आम्ही, असं सांगणारा मुलगा म्हणाला आणि खाली बसला. विशीतला असेल.

चहाच्या दुसऱ्या फेरीला वाद निघाला, आणि मला विचाराल तर सगळ्या दिवसातला तोच कामाचा भाग होता. एका काकांनी विचारलं, हे सगळे लढले कोणासाठी? १९४२ च्या ऑगस्टमध्ये याच शहरात पोलिसांच्या गोळ्या चालत होत्या, चिमूर-आष्टीत लोक मरत होते, १९४३ च्या जानेवारीत शंकर महालेला नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली, आणि आपली माणसं त्याच सरकारचा पगार घेत होती. त्याची प्रार्थना करायची?

पाळकसाहेब उत्तर देतील असं वाटलं, पण ते चहा पीत राहिले. उत्तर दिलं मघाच्या फायरमनच्या लेकीने. तिचा एक मामा सैन्यात होता आणि दुसरा त्याच ऑगस्टमध्ये दगडफेकीसाठी पकडला गेला. तिची आजी एका हाताने एकाची मनीऑर्डर घ्यायची आणि त्यातल्याच पैशाने दुसऱ्यासाठी तुरुंगात डबा न्यायची. "दोघं तिचेच पोट्टे व्हते. आता तुम्हीच सांगा, कोणाचं नाव वाचू नको?"

काकांचं यावर समाधान झालं नाही, आणि त्यांचा मुद्दा मला पटतोही. दुसऱ्या महायुद्धात २५ लाख हिंदी सैनिक होते, सगळे स्वखुशीने भरती झालेले असं सांगितलं जातं. दुष्काळ, कर्ज आणि घरात पाच तोंडं असताना त्या खुशीला किती अर्थ आहे? पण पलटणीत नाव घालणारा आचारी साम्राज्य राखायला निघाला होता, असंही म्हणवत नाही. शेवटी ठरलं ते इतकंच की पुढच्या वर्षापासून यादी हुद्द्याशिवाय वाचायची आणि तिच्यात तुरुंगात गेलेलेही घ्यायचे. काकांनी त्यांच्या चुलत्याचं नाव द्यायचं कबूल केलं; तो सिंगापूर पडल्यावर आझाद हिंद सेनेत गेला होता. ते कबूल करायला त्यांनी एवढा वेळ का लावला, ते तेव्हा कळलं.

१९६२ आणि १९७१ च्या गोष्टी पटापट झाल्या. चीनच्या लढाईत महिला मंडळाने जवानांसाठी विणलेले स्वेटर, संरक्षण निधीला दिलेल्या बांगड्या, ७१ ला काचांना चिकटवलेले काळे कागद. या आठवणी सांगायला माणसं भरपूर होती, त्यामुळे कुणी कुणाला बोलू देत नव्हतं.

आत्याने आपली गोष्ट हॉलमध्ये सांगितलीच नाही. रात्री जेवणानंतर तिने पत्र्याची ट्रंक ओढली. तिच्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ सैन्याच्या सर्व्हिस कोअरमध्ये ॲम्ब्युलन्स चालवत. त्यांची पत्रं होती, पण तेव्हा घरी कुणाला वाचता येईनात: भाषा हिंदुस्थानी, अक्षरं इंग्रजी. फौजेत तेव्हा शिपायांना रोमन लिपीतूनच उर्दू शिकवत. घरच्यांना देवनागरी येत होती, शास्त्र वाचण्यापुरती. त्यामुळे पत्र आलं की ते घेऊन पाळकांच्या बंगल्यावर जायचं. ते मोठ्याने वाचायचे आणि वाचता वाचता मराठीत सांगायचे. सासूबाईंना पुढे कायम वाटायचं की पाळक काही ओळी गाळतात. मी आता त्या वाचून दाखवल्या. गाळण्यासारखं एका पत्रात होतं खरं: 'यहाँ बहुत आदमी मर गया, अम्मा को मत बोलना.' आत्या म्हणाली, मग बरोबरच केलं पाळकांनी.

१९४४ च्या उन्हाळ्यात तार आली. कबर नाही. ज्यांची कबर सापडली नाही अशा ब्रह्मदेश-आसामच्या आघाडीवरच्या जवळजवळ २७,००० जणांची नावं रंगूनजवळ ताउक्यानच्या स्मारकाच्या खांबांवर कोरलेली आहेत, आणि राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक मंडळाच्या नोंदींत ती फोनवरही शोधता येतात. आम्ही रात्री साडेअकरापर्यंत शोधत होतो. अडचण अशी की मराठी आडनाव इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं असतं. शेवटी 'ए' की 'आय', एक 'टी' की दोन, बाप्तिस्म्याचं नाव पुढे की मागे, असं करत करत जुळतीलशी तीन नावं निघाली. तिघेही ड्रायव्हर, तिघेही त्याच वर्षी गेलेले, आणि वडिलांचं नाव एकाच्याही पुढे नाही.

सर्व्हिस नंबर मिळाला तर उलगडा होईल. तो घरी पगाराचा भाग यायचा त्या कागदावर असायला हवा. आतेभाऊ म्हणतो, तो कागद बहुतेक कामठीच्या चुलत घरी आहे, भिंतीतल्या कपाटात. ते लोक नाताळाच्या सफाईशिवाय ते कपाट उघडत नाहीत. मी त्याला आठवड्यातून एकदा फोन करते. परवा तो म्हणाला, चावी सापडलीय.