गुप्त गोदावरी: चित्रकूटच्या पायी वारीतली पाण्याची गुहा

चित्रकूटला आलेला मराठी भाविक मंदाकिनीत बुडी मारून होते न होते तोच विचारतो, ‘गुप्त गोदावरी कुठंय?’ नाव आपल्या नदीचं, ओढ साहजिकच. पण रामघाटावर उतरल्या उतरल्या रिक्षा करून थेट गुहा गाठणं आम्हाला पटत नाही. इथल्या जुन्या वहिवाटीत चित्रकूटची यात्रा पाच दिवसांची. पहिल्या दिवशी रामघाट आणि कामदगिरी, दुसऱ्या दिवशी हनुमानधारा, तिसऱ्या दिवशी जानकीकुंड, स्फटिकशिला आणि अनसूयेचा आश्रम, चौथ्या दिवशी गुप्त गोदावरी, पाचव्या दिवशी भरतकूप. पायी जाणाऱ्यांनी हाच क्रम धरावा. गुहेपर्यंत पोचताना पाय तयार झालेले असतात आणि गुहेला अख्खी सकाळ मिळते.

कामदगिरीची परिक्रमा 5 किलोमीटरची आणि अनवाणी. चढ जवळजवळ नाहीच, रमतगमत दोन तास पुरतात. डोंगर म्हणजे साक्षात रामाचं रूप, म्हणून वर कोणी चढत नाही, फक्त प्रदक्षिणा घालतात. वाट फरसबंद आहे आणि बऱ्याच ठिकाणी डोक्यावर छप्पर आहे. पण चैत्रानंतर उघड्यावरची फरशी सकाळी दहालाच तापते आणि तळव्यांना फोड येतात. ते फोड घेऊन गुहेतल्या खडकावर चालायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून परिक्रमा उजाडताना सुरू करावी. वानरं धीट आहेत. हातात लोंबणारी प्रसादाची पिशवी गेलीच म्हणून समजा. चेन असलेली पिशवी पोटाशी धरून चाला.

रामघाट ते गुप्त गोदावरी सरळ रस्त्याने 18 किलोमीटरच्या आसपास. रामघाट उत्तर प्रदेशात, गुहा मध्य प्रदेशच्या सतना जिल्ह्यात. चालताना ही हद्द कळतही नाही. अनसूयेला मुक्काम करून पुढे निघालं तर बेत चांगला जमतो. कार्तिक ते फाल्गुन हा चालायचा काळ. पौषात धुकं इतकं दाट पडतं की रस्त्याच्या कडेने चालणाराही गाडीवाल्याला दिसत नाही, तेव्हा पहाटेच्या अंधारात निघू नये. अमावास्या टाळा. दर अमावास्येला चित्रकूटला जत्रा भरते, सोमवती आणि दिवाळीची तर विचारूच नका. त्या दिवशी गुहेच्या चिंचोळ्या वाटेत आत जाणारे आणि बाहेर येणारे समोरासमोर अडकतात आणि दर्शनाऐवजी धक्केच पदरी पडतात.

गुहा दोन आहेत. आधी वरची कोरडी बघावी, मग पाण्याची. उलट केलं तर ओल्या पायांनी पायऱ्या आणि गुळगुळीत खडक चढावा लागतो, आणि घसरण्याचे प्रकार तिथेच होतात. कोरड्या गुहेचं तोंड अरुंद. जाडजूड माणसाने अंग चोरून, आडवं होऊन शिरायचं. पाठीवरची सॅक इथे हमखास अडकते, ती आधीच काढून हातात धरावी. आत गेलं की एकदम उंच, ऐसपैस दालन उघडतं. छताला लोंबणारा एक काळा दगड दाखवतात, तो ‘खटखटा चोर’: सीतेची वस्त्रं चोरणारा राक्षस, लक्ष्मणाने शिक्षा करून दगड केलेला.

खरी गुहा दुसरी. तोंडाशी पाणी घोट्याइतकं, आत जावं तसं पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पावसाळ्याच्या शेवटी कमरेपर्यंतही असतं. दोन्ही भिंतींना हात टेकतील इतकी वाट, आणि मध्येच छत एवढं खाली येतं की वाकूनच जावं लागतं. विजेचे दिवे आहेत, पण पाण्याखालचा तळ दिसत नाही. पाऊल उचलून टाकायचं नाही, तळावरून सरकवत न्यायचं. खळगा आला तर बोटांना आधी कळतो. पायात मोजे नकोत, ओले मोजे दगडावर सटकतात. अनवाणी पाऊल धरून राहतं. नऊवारीला काष्ट्यामुळे अडचण येत नाही, पाचवारीचा घोळ मात्र भिजून पायात गुरफटतो, तो आधीच वर खोचून घ्यावा. फुलपँट दुमडली तर गुडघ्याशी दाटते, अर्धी चड्डी किंवा धोतर बरं. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवा. लहान पोराला खांद्यावर बसवू नये, छत डोक्याला लागतं, कडेवर घ्यावं. दम्याचा त्रास किंवा कोंडलेल्या जागेची भीती असलेल्यांनी गर्दीत आत शिरूच नये. दमट हवा, घामेजलेली माणसं आणि मागे वळायला जागा नाही, असा तो मामला असतो.

आत दोन शिळा सिंहासनासारख्या आहेत. राम-लक्ष्मणांचा दरबार इथे भरायचा अशी श्रद्धा. रामाच्या दर्शनासाठी गोदावरी त्र्यंबकहून गुप्तपणे इथे आली, म्हणून हे नाव.

पाण्याचा हिशेब मात्र खडकात आहे. हा चुनखडीचा मुलूख. मातीतून झिरपताना पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवतं, भेगा रुंदावत जातात आणि हजारो वर्षांत त्यांच्या गुहा होतात. डोंगरातल्या याच भेगांत साठलेलं पाणी पाऊस संपल्यावरही झिरपत राहतं, म्हणून उन्हाळ्यातही गुहेत प्रवाह असतो. बाहेर येऊन कुंडात पडलेलं पाणी पुढे पुन्हा जमिनीत गडप होतं, तेही अशाच भेगेतून. धोकाही इथेच आहे. भेगांमधून येणारं पाणी नदीसारखं हळूहळू चढत नाही. डोंगरावर जोराची सर झाली की गुहेत एकदम लोंढा येतो. म्हणूनच आषाढ-श्रावणात पाणी वाढलं की प्रवेश बंद करतात. तेव्हा ‘आत्ताच जाऊन येतो’ म्हणून पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये.

आतल्या कोनाड्यांत पुजारी मूर्ती मांडून बसतात आणि दक्षिणा मागतात. पाण्यात उभं राहून पाकीट काढणं म्हणजे ते भिजवणं. दहा-दहाच्या नोटा आधीच वरच्या खिशात ठेवाव्यात. बाहेर आल्यावर पाय कोरडे पुसूनच चप्पल घाला. दिवसभर ओले पाय चपलेत राहिले की बोटांच्या बेचक्या सोलतात आणि भरतकूपची चाल जड जाते.

चालणं झेपणार नसेल तर रामघाटाहून वाटून घेतलेल्या रिक्षा मिळतात. त्यांनी जावं, पण रिकाम्या परत जाणाऱ्या गाड्या दुपारनंतर कमी होतात, तेव्हा येण्याचं भाडं जातानाच ठरवून टाकावं. मुंबईकडून येणाऱ्यांना सतना स्टेशन सोयीचं, तिथून पुढचा रस्ता 75 ते 80 किलोमीटरचा. चित्रकूटला सर्वात जवळचं स्टेशन कर्वीचं. तिथे गाडीला दोन-तीन तास असतील तर गणेशबाग बघून या. इंग्रजांशी तह करून अमृतराव पेशवे कर्वीला येऊन राहिले, त्यांचे पुत्र विनायकराव यांनी ती बांधली. कोरीव शिखरांचं देऊळ आहे आणि शेजारी खोल बारव.