श्रीखंडाचा डबा आणि नवा टूलपोस्ट

आमच्या गॅलरीत एक छोटा चिनी लेथ आहे, म्हणजे जॉब (कामाचा तुकडा) गोल फिरवून टूलने कातायचं मशीन. बेडवर 180 मिमीचा स्विंग (फिरू शकेल असा सगळ्यात मोठा व्यास), म्हणजे सेंटरची, फिरण्याच्या अक्षाची, उंची 90. त्याच्याबरोबर आलेला चार टूलांचा चौकोनी टूलपोस्ट (टूल पकडणारा ठोकळा) मी चार वर्षं वापरला आणि त्यातला निम्मा वेळ पॅकिंग शोधण्यात गेला, म्हणजे टूलचं टोक सेंटरच्या उंचीवर यावं म्हणून खाली घालायचे पत्रे. हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे, पावडरच्या डब्याचा पत्रा, शीतपेयाच्या कॅनच्या पट्ट्या, सगळं एका श्रीखंडाच्या डब्यात. टूल बदललं की डबा उघडायचा आणि अंदाजपंचे थर लावायचे. नट आवळला की टूल पुन्हा केसभर खाली.

शेवटी दिवाळीत क्विक-चेंज टूलपोस्ट मागवला. यात प्रत्येक टूल आपापल्या होल्डरमध्ये असतं आणि होल्डरसकट झटकन बदलतं. छोट्या लेथसाठी ओएक्सए नावाचा साइज येतो, तोच. त्याच्या वरचा एएक्सए या मशीनला दांडगा होतो. पिस्टनचा आणि पाचरीचा असे दोन प्रकार मिळतात. पिस्टन होल्डरला बाहेर ढकलून घट्ट करतो, पाचर त्याला पोस्टकडे ओढून घेते. थोडे पैसे जास्त गेले, पण पाचरीचाच घेतला.

खोकं उघडलं, जुना पोस्ट उतरवला, नवा ठेवला. तो डुलायला लागला.

कारण सोपं होतं. टूलपोस्ट ज्यावर बसतो त्या कंपाउंड स्लाइडवर मधल्या स्टडभोवती (आटे असलेल्या उभ्या दांड्याभोवती) एक गोल उंचवटा असतो. जुन्या पोस्टला खालून त्याच्यासाठी खोबण असते, नव्याला नव्हती. शिवाय माझा स्टड एम 10 (10 मिमी जाडीचा) आणि पोस्टचं भोक त्याहून चांगलंच मोठं, त्यामुळे तो मधोमधही बसेना. जुन्या पोस्टची जागा पकडणारी स्प्रिंगची बारीक पिनही वर डोकावत होती, ती आधी काढून पिशवीत घातली.

दोन्हींवर उपाय एकच ठरवला: टोपीसारखं बूश (भोकात बसणारी नळी). वरचा भाग पोस्टच्या भोकात जाणारा, खाली रुंद कॉलर, कॉलरला खालून उंचवट्यापुरती खोबण. पण बूश करायचं कशावर? याच लेथवर. म्हणजे जुना टूलपोस्ट परत चढवा, डबा परत उघडा!

40 मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) रॉड होता. या मशीनची ताकद बेताची, पाव-पाव मिमीचे कट घेत रविवार संपला. आधी पोस्टमध्ये जाणारा भाग टर्न केला. व्हर्नियर लावण्यापेक्षा पोस्टच हातात घेऊन सारखा घालून बघत होतो. मग 10 मिमीचं भोक, मग उलटं पकडून फेसिंग (टोकाची बाजू सपाट कातणं) आणि खोबण. इथे एकच गोष्ट जपायची: कॉलरच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात, नाहीतर पोस्ट कायम तिरका.

जुना उतरवला, बूश घातलं, पोस्ट ठेवला, नट आवळला. हाताने ढकलला तर पोस्ट आरामात फिरतोय. अजून आवळला, तरी फिरतोय. पाचेक मिनिटं मी आट्यांना दोष देत होतो. मग नट काढून पोस्टच्या माथ्यावरून बोट फिरवलं तर नखाला कड लागली. बूश अर्धा मिमी वर आलं होतं. नट पोस्टवर बसतच नव्हता, सगळा दाब बूशवर.

पुन्हा जुना पोस्ट, पुन्हा पॅकिंग, पुन्हा फेसिंग. शेजारचे काका हे सगळं चहा पीत बघत होते. आयुष्यभर हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या एंटरप्राइज लेथवर काम केलेला माणूस. मी बूश चकमधून (लेथच्या फिरत्या पकडीतून) काढल्यावर म्हणाले, "अरे, अर्ध्या मिमीसाठी एवढं? कानस नव्हती का घरात?"

होती. हाताशीच होती.

यावेळी पोस्ट खिळल्यासारखा बसला. होल्डर हलकेच चकच्या फेसला टेकवून पोस्ट सरळ केला आणि मग नट आवळला. हँडल लॉक झाल्यावर नेमकं चककडे तोंड करत होतं. त्याच्याखाली पातळ वॉशर टाकल्यावर ते माझ्याकडे वळलं.

उंची लावताना सहा इंची स्टीलची पट्टी टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यात अगदी हलकी धरली. पट्टी उभी राहिली की टूल सेंटरवर. वरची कड माझ्याकडे झुकली तर टूल खाली आहे, पलीकडे झुकली तर वर. मग होल्डरची चाकी थोडी फिरवायची आणि वरचा लॉकनट आवळायचा. खात्रीसाठी ॲल्युमिनियमच्या तुकड्याचं फेसिंग केलं. मधोमध मिरचीच्या देठासारखा जो कोंब राहायचा, तो राहिला नाही. होल्डर काढला, परत लावला, पुन्हा फेसिंग. कोंब नाही.

पार्टिंगची (जॉब कापून वेगळा करतानाची) थरथर मात्र निम्मीच गेली. उरलेली कंपाउंडचे गिब स्क्रू (स्लाइडची ढिलाई काढणारे) आवळल्यावर गेली, त्याचं श्रेय पोस्टला देता येणार नाही.

एक किंमत मोजावी लागली. कॉलरमुळे पोस्ट वर उचलला गेला, त्यामुळे 8 मिमीची टूलं सेंटरवर येतात, पण 10 ची दोन टूलं होल्डर पार खाली नेला तरी थोडी वरच राहतात. ती खालून घासायची की कॉलर पातळ करायची, हे ठरेपर्यंत जुना पोस्ट त्या डब्याशेजारीच ठेवलाय.