आमची वाटचाल: गोटा, चुनी आणि नाना मिस्तरी

आमची डाळमिल जळगावच्या एमआयडीसीत आहे. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, 1991 साली दोन रोल आणि एका चक्कीवर सुरू केली. आज रोज 150 क्विंटलच्या आसपास माल निघतो आणि हजेरीपटावर 19 माणसं आहेत. कंपनीची वाटचाल म्हणून एवढं पुरे. शेड कधी वाढवली आणि मोटर कितीची बसवली, याचं कौतुक घरच्यांपलीकडे कुणाला नसतं. मला सांगायचंय ते या 19 माणसांबद्दल, आणि त्यांच्याशी वागताना मी कुठे कुठे आपटलो त्याबद्दल.

2010 मध्ये पुण्यातली नोकरी सोडून मिलमध्ये आलो. मेकॅनिकलची डिग्री होती, त्यामुळे आप्पांच्या पद्धतीत वेळ किती वाया जातो तेच आधी दिसलं. इथे तुरीची रीत थोडक्यात सांगावी लागेल. तूर चाळून आधी रोलवर घासतात, म्हणजे सालीला ओरखडे पडतात. मग तेलाचा हात देऊन ढीग लावून ठेवतात. साल आणि दाणा यांच्यामध्ये जो डिंक असतो, तिथवर तेल मुरायला हवं. त्यानंतर वाळवणाच्या ओट्यावर ऊन, मग पाण्याचा शिपका, पुन्हा ढीग, पुन्हा रोल. साल सुटलेला अख्खा दाणा म्हणजे गोटा, आणि तो फोडला की डाळ. सगळं जमून आलं तर 100 किलो तुरीतून आमच्याकडे 70-72 किलो डाळ उतरते. बाकीची चुनी, म्हणजे तुकडा आणि भुकटी, आणि टरफल गुरांच्या तोंडी जातं.

ढीग कधी मोडायचा, हे नाना मिस्तरी ठरवत. नाना पारोळ्याकडचे, मिलच्या पहिल्या दिवसापासूनचे. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, तळातला दाणा काढायचे, दाताखाली धरायचे आणि कान दिल्यासारखे थांबायचे. दाणा कट्‌कन फुटला तर एक हिशोब, चिवट दबला तर दुसरा. मला ते सगळं अंदाजपंचे वाटायचं. एकदा हमालांच्या देखत मी म्हणालो, "नाना, दात म्हणजे काय मीटर आहे का? एक दिवस वाचवा, उद्या सकाळीच रोलवर घ्या." हमाल हसले. नाना "बरं" म्हणाले.

200 क्विंटलचा लॉट होता. साल सुटेना. तीन फेऱ्यांच्या जागी पाच फेऱ्या रोल चालवला, तर दाणाच झिजला. उतारा, म्हणजे 100 किलोमागे उतरणारी डाळ, 66 वर आला. म्हणजे 72 च्या हिशोबाने 12 क्विंटल डाळीची चुनी झाली. मी नानांना विचारलं, तुमच्या हे लक्षात आलं नव्हतं का? पोत्यावर बसल्या बसल्या त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "लक्षात उनं व्हतं ना. पन तुम्ही सांगं तसंच करं, भाऊ."

म्हणजे, लक्षात आलं होतं, पण तुम्ही सांगितलं तसंच केलं. त्या वाक्याला कुठल्याच कलमाखाली पकडता येत नव्हतं. आप्पांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "12 क्विंटलात भागलं, स्वस्तात पडलं."

मी नानांना केबिनमध्ये बोलावून माफी मागितली. काहीही फरक पडला नाही. "हो भाऊ, बरं भाऊ" चालूच राहिलं. अपमान ओट्यावर केला आणि माफी बंद दाराआड मागितली, हे ध्यानात यायला मला महिना लागला. मग एका दुपारी, सगळे डबे सोडून बसले असताना, ओट्यावरच जाऊन म्हणालो, नाना, मला दाणा शिकवा. त्यांनी अख्खा हंगाम मला तूर चावायला लावली. त्यात एक दाढ गेली. डेंटिस्टचं बिल मी अजूनही त्याच लॉटच्या खर्चात धरतो.

त्या वर्षी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसली होती. बोलावणं नव्हतं, तरी गेलो. नारळाला दागिने घालून मांडलेली कानबाई, बायकांची गाणी, घरभर प्रसादाच्या रोटांच्या पुरणाचा वास. मी आपला ताट येईल म्हणून मांडी घालून बसलो. नाना जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, रोट भाऊबंदातच खातस. तुम्हले चहा." मालक आला म्हणून नियम वाकला नाही, आणि त्यांनी मला ते तोंडावर सांगितलं. मिलमध्ये त्यांचं "नाही" गेलं वर्षभर बंद होतं, ते मला त्या दिवशी पुन्हा ऐकू आलं. चहा गुळाचा होता.

"आमचे कामगार म्हणजे आमचं कुटुंब" असं कंपनीवाले लिहितात, ते मी लिहिणार नाही. कुटुंबात कुणी हजेरी कापत नाही. आमच्याकडेही दर हिवाळ्यात भरीत पार्टी होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोबत कळण्याची भाकरी. त्याला मी बरीच वर्षं संबंध जपणं म्हणायचो. एकदा फोटो बघताना दिसलं की दलाल, व्यापारी आणि आम्ही मांडवात खुर्च्यांवर, आणि हमाल मागे गोडाऊनच्या भिंतीला टेकून. पुढच्या वर्षी खुर्च्याच मागवल्या नाहीत. एका दलालाचे गुडघे दुखतात, तो अजून कुरकुरतो.

त्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो मुनीमजींना दर मंगळवारी सकाळी ओट्यावर बसवण्याचा. उतारा पडला की मुनीमजी नानांवर घसरायचे, आणि नाना खरेदीवर. दोघांची भांडणं माझ्यामार्फत चालायची. आता मुनीमजी ओलसर तूर हातात घेऊन बघतात, आणि नानांना आवकेची पट्टी वाचता येते. भांडतात अजूनही, पण समोरासमोर. माझे दोन तास वाचतात.

दुसऱ्यांदा आपटलो 2017 मध्ये. सॉर्टेक्स घेतलं. कॅमेरा डागी दाणा हेरतो आणि हवेच्या झोताने बाजूला उडवतो. तोवर ते काम हातांनी निवडणाऱ्या सहा बायका करत. बँकेचं कर्ज मंजूर झालं, मशीनची तारीख ठरली, आणि मी त्या सहाजणींशी एक अक्षर बोललो नाही. वेळ आली की बघू, असं म्हणत राहिलो. त्यांना कळलं ते टेम्पोवाल्याकडून. त्यांच्यातल्या आक्का 20 वर्षं आमच्याकडे होत्या. शनिवारी हप्ता घेतला, सूप भिंतीला उभं करून ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "आम्ही दुसरं काम बघून ठेवलं असतं रे." तिघींना पॅकिंगमध्ये घेतलं. आक्का आल्या नाहीत. नानांच्या वेळी ते गप्प बसले होते, या वेळी मी.

म्हणून 2023 च्या जूनमध्ये तुरीवर आणि उडदावर सरकारने साठ्याची मर्यादा आणली, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. मिलवाल्यांना मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वर्षाच्या क्षमतेच्या 25 टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढाच माल ठेवता येणार होता. पुढे सप्टेंबरात ते एक महिना आणि 10 टक्क्यांवर आणलं. तूर आधीच महाग, त्यात हात आखडलेला. गोडाऊनमध्ये किती पोती आहेत, किती दिवस पुरतील, बँकेचा हप्ता किती, सगळं खडूने भिंतीवर लिहिलं. हप्ता लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू. माझ्या मनात चार माणसं कमी करायचं होतं. मुकादम म्हणाला, "चौघं कोन, ते तुम्ही ठरवनार. त्यापेक्षा सगळेच आठवड्यातून चार दिवस येऊ." तसंच चाललं, तेही जेमतेम. दोघांची उचल वाढली आणि एक जण सुरतेला निघून गेला, तो परत आला नाही. बाकीचे टिकले. तो हिशोब भिंतीवर अजून आहे, पुसट झालाय.

नाना आता थकलेत. रोज दोन तास येतात, रोलजवळ स्टुलावर बसतात आणि ढिगाकडे बघून मान हलवतात. त्या मान हलवण्याचे तीन प्रकार मला ओळखता येतात.

आणि एवढं सगळं शिकून झाल्यावर गेल्या महिन्यात मी पुन्हा तेच केलं. सॉर्टेक्सवर आयटीआय झालेला पोरगा आहे, हुशार. डागी दाण्याबरोबर चांगला दाणाही रिजेक्टमध्ये जात होता. मी ट्रकवाल्यांच्या देखत म्हणालो, "कॅमेऱ्याला दिसतं, तुला दिसत नाही का?" बोलून झाल्यावर नानांकडे नजर गेली. ते दुसरीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी मशीनपाशीच, त्याच ट्रकवाल्यांसमोर, माझं चुकलं म्हणून सांगितलं. दोन आठवडे झाले. पोरगा काम चोख करतो आणि विचारलं की "हो भाऊ" म्हणतो. तेवढंच.

अमळनेरकडचा आहे. या रविवारी त्यांच्या घरी कानबाई आहे, हे मला नानांकडूनच कळलं. जाणार आहे. पाट मांडून बसायचं नाही, हे आता माहीत आहे.