स्विंडनमध्ये घर ठरवण्याआधी गुन्ह्यांचे आकडे मी कसे तपासले

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात भाड्याचं घर शोधायला लागल्यावर 'इंग्लंडमधली सर्वात धोकादायक शहरं' अशा याद्या मी सगळ्यात आधी बाजूला ठेवल्या. या याद्या एका भागाकारावर उभ्या असतात: वर्षभरात नोंदलेले गुन्हे भागिले तिथे राहणारी लोकसंख्या, गुणिले हजार. गोची छेदात आहे. लंडनच्या मध्यभागातल्या 'सिटी ऑफ लंडन'मध्ये २०२१च्या जनगणनेनुसार जेमतेम ८,६०० माणसं राहतात, पण कामाला रोज लाखो येतात. त्या लाखोंपैकी कोणाचा फोन चोरीला गेला, तरी तो गुन्हा वाटला जातो ८,६०० डोक्यांवर. स्विंडनमध्ये रीजंट स्ट्रीट आणि ब्रुनेल सेंटरच्या बाजारपेठेचं लहान प्रमाणात हेच होतं. खरेदीला आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री पबमध्ये येतं अख्खं शहर, पण तिथे राहणारी घरं थोडी.

दुसरी फसगत तुलनेत होते. स्विंडन विल्टशर पोलिसांच्या हद्दीत आहे, आणि ती हद्द बव्हंशी शेतं, खेडी आणि छोट्या बाजारगावांची आहे. त्या सरासरीशेजारी सव्वादोन लाखांवर वस्तीचं रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढलेलं औद्योगिक शहर ठेवलं, तर ते वाईटच दिसणार. तुलना करायची तर रेडिंग किंवा नॉर्थॅम्प्टनसारख्या शहरांशी करावी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या गुन्हे-तक्त्यांमध्ये प्रत्येक कम्युनिटी सेफ्टी पार्टनरशिपचे (गुन्हे रोखण्यासाठी पोलीस आणि स्थानिक संस्थांची भागाभागातली एकत्रित व्यवस्था) आकडे वेगळे मिळतात, त्यात स्विंडनची ओळ स्वतंत्र आहे. मी तेवढी ओळ पाहिली आणि शहराच्या पातळीवर तिथेच थांबले. राहायचं एका रस्त्यावर असतं, त्यामुळे पुढचं सगळं काम पोस्टकोडवर केलं.

पोस्टकोड हातात आला की पोलीस डॉट यूके हे पोलिसांचं संकेतस्थळ उघडायचं. नकाशावर त्या भागातले महिन्याचे गुन्हे ठिपक्यांनी दिसतात. मात्र ठिपका म्हणजे गुन्ह्याची जागा नव्हे. पीडिताची ओळख उघड होऊ नये म्हणून प्रत्येक गुन्हा जवळच्या एका ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो. हे बिंदू असे निवडलेले आहेत, की त्यांच्या परिघात किमान आठ पत्ते असावेत किंवा एकही नसावा. म्हणूनच वर्णनात 'अमुक रस्त्यावर किंवा जवळ' असं लिहिलेलं असतं, कधी नुसतं 'सुपरमार्केट' किंवा 'पार्किंग एरिया'. आपल्याला आवडलेल्या घरासमोर ठिपका दिसला म्हणून बिचकू नये, आणि ठिपका नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये.

नकाशा चाळून फारसं हाती लागत नाही. खरा उपयोग झाला तो डेटा डॉट पोलीस डॉट यूकेवरून उतरवलेल्या फायलींचा. विल्टशर निवडायचं, गेल्या तीन वर्षांचे महिने निवडायचे आणि सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी तक्त्याची फाइल) उतरवायची. दर महिन्याची फाइल वेगळी येते, त्या एकाखाली एक जोडून घ्याव्या लागतात. ताज्या महिन्याची माहिती सहसा दीड-दोन महिने मागे असते. फाइलमध्ये 'एलएसओए' नावाचा रकाना आहे. हा जनगणनेचा लहान विभाग, साधारण ४०० ते १,२०० घरांचा. त्याचं नाव 'स्विंडन', मग तीन आकडे आणि एक अक्षर, अशा रूपात असतं. आपल्या पोस्टकोडचा एलएसओए शोधून त्यावर फिल्टर लावला आणि ओळीत गुन्ह्याचा प्रकार, स्तंभात वर्ष अशी पिव्हट टेबल (एक्सेलने आपोआप मोजणी करून दिलेला तक्ता) केली, की चित्र स्पष्ट व्हायला लागतं. शेजारचे तीन-चार एलएसओएही घ्यावेत, कारण आपलं घर नेमकं विभागाच्या कडेला असू शकतं.

एकूण बेरीज मी कुठेच वापरली नाही. या फायलींमध्ये १४ प्रकार असतात आणि त्यांचं वजन सारखं नाही. दुकानातल्या चोऱ्यांचा आकडा मोठा असेल तर त्या विभागात मोठं सुपरमार्केट आहे एवढंच कळतं. 'समाजविघातक वर्तन' या प्रकारात आरडाओरडा, कचरा जाळणं, रस्त्यावर मोटारसायकली पळवणं असं सगळं येतं. या ओळींना गुन्हा क्रमांकच नसतो, कारण बहुतेक वेळा तो नोंदण्याजोगा गुन्हा नसतो. तरी रोज कामावरून उशिरा घरी येणाऱ्या माणसासाठी हा आकडा बोलका आहे. घरफोडीत राहत्या घरांसोबत दुकानं, गोदामं आणि परसातली शेडही धरलेली असते. 'वाहन गुन्हे' म्हणजे गाडी चोरणं आणि गाडीतून वस्तू चोरणं, दोन्ही.

सगळ्यात जास्त घबराट पसरवणारा प्रकार म्हणजे 'हिंसा व लैंगिक गुन्हे'. बहुतेक निवासी भागांत हाच आकडा सर्वात मोठा दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, रस्त्यावर रोज मारामाऱ्या होतात. यात जीवघेण्या हल्ल्यापासून धक्काबुक्की, छळ, पाठलाग आणि धमकीच्या मेसेजपर्यंत सगळं एकत्र आहे. यातला मोठा हिस्सा ओळखीच्या माणसांमध्ये आणि घरांच्या आत घडतो. तो गंभीर आहेच, पण अनोळखी रस्त्याने चालताना किती धोका आहे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मी जबरी चोरी, अंगावरची चोरी आणि शस्त्र बाळगणं हे तीन रकाने वेगळे काढले. शिवाय मे २०२३मध्ये गुन्हे मोजण्याचा नियम बदलला: त्याआधी छळासारखा गुन्हा आणि त्याच्या जोडीचा दुसरा गुन्हा असे दोन्ही नोंदत, आता त्यांतला मुख्य तेवढा नोंदतात. त्यामुळे २०२२ आणि २०२४चे हिंसेचे आकडे शेजारी ठेवून 'गुन्हे कमी झाले' म्हणणं चुकीचं ठरतं.

नोंद किती भरवशाची आहे, हाही प्रश्न आहे. २०१४मध्ये पोलिसांनी नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा विश्वासार्हतेचा दर्जा काढून घेतला गेला. त्याच वर्षी पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या निरीक्षक संस्थेने सांगितलं, की लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच जात नव्हते, हिंसेच्या बाबतीत ३३ टक्के. पुढे नोंद सुधारली आणि आकडे वर गेले. म्हणजे वाढलेला आकडा कधी कधी चांगल्या कारकुनीचाही असतो. विल्टशर पोलीस दल २०२२मध्ये याच निरीक्षक संस्थेच्या विशेष देखरेखीखाली गेलं होतं, हेही त्या काळातले आकडे वाचताना ध्यानात ठेवलं. घरफोडी आणि गाडीचोरी यांची नोंद त्यातल्या त्यात पक्की, कारण विम्यासाठी लोक ती करतातच. रस्ता निवडताना मी याच दोन रकान्यांवर भर दिला.

तिथेही घाई नको. सहा-सातशे घरांच्या विभागात एका वर्षी दोन आणि पुढच्या वर्षी चार घरफोड्या झाल्या, तर 'दुप्पट वाढ' म्हणण्यात अर्थ नाही. एकच चोर चार रात्री फिरला असू शकतो. तीन वर्षांची बेरीज करून शेजारच्या विभागांशी ताडून पाहावी. फाइलमधल्या 'लास्ट आउटकम कॅटेगरी' या रकान्यात प्रकरणाचा निकाल असतो. चोरीच्या ओळींमध्ये 'तपास पूर्ण, संशयित सापडला नाही' हे इतक्या वेळा येतं, की चोरी झाल्यानंतरच्या तपासापेक्षा आधीच्या कुलपावर खर्च करणं शहाणपणाचं, हे आकडेच सांगतात.

आपल्यासारख्यांना महत्त्वाची एक गोष्ट या नकाशावर दिसतच नाही. वंशद्वेषाच्या गुन्ह्यांना वेगळा रकाना नाही, ते सार्वजनिक सुव्यवस्था किंवा हिंसेत मिसळलेले असतात. त्याची माहिती माणसांकडूनच मिळते, आणि स्विंडनमध्ये ती मिळणं सोपं आहे. इथे गोव्याच्या लोकांची ब्रिटनमधल्या सर्वात मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे. त्यातले बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर आले. कोकणी-मराठी कानावर पडते अशा दुकानात 'संध्याकाळी मुलं कुठून ये-जा करतात, कुठला रस्ता टाळतात' असं विचारलं, की नेमकी उत्तरं येतात. 'एरिया सेफ आहे का?' असं विचारलं तर सगळे 'हो' म्हणतात.

आकड्यांवरून दोन-तीन रस्ते उरले, की पायी जायचं. घर दाखवायला एजंट सकाळी अकराला बोलावतो. त्या वेळी प्रत्येक रस्ता शांत असतो. शुक्रवारी रात्री अकरानंतर एकदा, आणि हिवाळा असेल तर कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचला एकदा जावं. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसमधून येणं रोज अंधारातच. स्टेशनपासून किंवा बसथांब्यापासून घरापर्यंतचा खरा रस्ता चालायचा, भुयारी मार्ग आणि रेल्वेखालचे बोगदे धरून. पदपथाच्या कडेला गाडीच्या काचेचा चुरा दिसतो का, पाहायचं; काच साफ होत नाही तोवर ती खरं बोलते. कारखान्याच्या काळातल्या रांगेतल्या घरांच्या मागे अरुंद गल्ल्या असतात, स्थानिक लोक त्यांना 'बॅक्सीज' म्हणतात. या गल्लीला कुलूपबंद फाटक आहे का, परसाचं कुंपण किती उंच आहे, तिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं का, हे बघावं. आडोशाला असल्याने मागचं दार चोराला सोयीचं पडतं.

एक फुकटची युक्ती खूप कामी आली. तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर घरसामानाच्या विम्याचा आणि गाडीच्या विम्याचा अंदाज काढायचा, बाकी सगळी माहिती तीच ठेवून फक्त पोस्टकोड बदलायचा. विमा कंपन्यांकडे दाव्यांचा इतिहास असतो, आणि दोन रस्त्यांतला फरक हप्त्यात उतरतो. रात्री गाडी रस्त्यावर की आवारात, हेही बदलून पाहावं.

हे सगळं टोकन देण्याआधी करावं. २०१९च्या कायद्याने हे टोकन, म्हणजे होल्डिंग डिपॉझिट, एका आठवड्याच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे, पण आपण मागे हटलो तर ते जाऊ शकतं.

आता दार. इथल्या बहुतेक घरांना प्लॅस्टिकच्या चौकटीची दारं आणि त्यात युरो सिलिंडर (किल्ली घालायचा, बदलता येणारा गाभा) असलेलं कुलूप असतं. साधं सिलिंडर बाहेरून पकडून मोडलं की दार काही सेकंदांत उघडतं. सिलिंडरवर सुरक्षेच्या दर्जाचे तीन तारे किंवा 'सोल्ड सिक्युअर डायमंड'ची खूण हवी, आणि ते मुठीच्या पट्टीच्या पुढे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आलेलं नसावं. लाकडी दाराला ब्रिटिश स्टँडर्ड ३६२१चं पाच लिव्हरचं कुलूप हवं. तो क्रमांक दाराच्या कडेच्या पट्टीवर कोरलेला असतो. सिलिंडर बदलायचं असेल तर घरमालकाला लेखी विचारावं. आधीच्या भाडेकरूंकडे किल्ल्या राहिल्या असण्याची शक्यता हे पुरेसं कारण आहे. आणि प्लॅस्टिकचं दार नुसतं ओढून घेतलं म्हणजे कुलूप लागत नाही. मूठ वर उचलायची, मग किल्ली फिरवायची. हे न केल्यास दार न फोडता चोर आत येतो आणि विम्याचा दावा अडकतो. खोली भाड्याने घेऊन चारजणांत राहणाऱ्यांनी तर अटी नीट वाचाव्यात: दार फोडल्याची खूण नसेल तर अशा घरांतली चोरी बहुतेक पॉलिसींमध्ये धरत नाहीत.

सोन्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण आपल्या घरांची खरी जोखीम तिथे आहे. आशियाई कुटुंबांच्या घरी २२ कॅरेटचे दागिने असतात हे इथल्या चोरांना ठाऊक आहे, आणि दिवाळीच्या सुमारास पोलीस दरवर्षी तशा सूचना काढतात. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे जातात, संध्याकाळ लवकर होते, आणि नेमकी तेव्हाच घरं रिकामी ठेवून लोक कार्यक्रमांना जातात. पाटल्या, तोडे, तन्मणी इथे आणूच नयेत. आणले तर लॉकर भाड्याने घ्यावा. विम्यात एका वस्तूची कमाल रक्कम ठरलेली असते. त्यावरच्या किमतीचा दागिना नावानिशी लिहून घ्यावा लागतो. प्रत्येक दागिन्याचा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढावा, सोनाराची पावती स्कॅन करून भारतातल्या घरीही ठेवावी. रिकाम्या घरात टायमरवर दिवा लावायचा, तो दिवाणखान्यात; फक्त दारालगतच्या पॅसेजमधला दिवा जळत राहिला तर घर रिकामं आहे हेच कळतं. किल्लीविना सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवावी, नाहीतर दाराबाहेरून तिचा सिग्नल उचलून गाडी नेतात.

क्रमांक फोनमध्ये आधीच घालून ठेवावेत. गुन्हा घडत असेल किंवा जिवाला धोका असेल तर ९९९. मोबाइलवरून बोलणं शक्य नसेल तर विचारणा झाल्यावर ५५ दाबायचं, म्हणजे फोन पोलिसांकडे जोडला जातो. पण त्याने आपलं ठिकाण कळतंच असं नाही, म्हणून पुढच्या प्रश्नांना खोकून किंवा बटण दाबून उत्तर देत राहायचं. घडून गेलेल्या गोष्टीसाठी १०१ किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावरचा अर्ज. रेल्वेत किंवा स्टेशनवर काही झालं तर ६१०१६वर मेसेज. बँकेच्या नावाने संशयास्पद फोन आला तर तो ठेवून १५९. वंशावरून शिवीगाळ झाली तर ती तशीच सांगावी: पीडिताला किंवा पाहणाऱ्याला द्वेषातून घडल्यासारखं वाटलं, तर पोलिसांनी ती द्वेषाशी जोडून नोंदायची असते, पुराव्याची जबाबदारी त्या टप्प्यावर आपली नसते. एफआयआरसाठी चौकीत ताटकळावं लागेल या भीतीने आपले बरेच लोक गप्प बसतात. इथे चोरीची नोंद घरबसल्या होते आणि एक गुन्हा संदर्भ क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा, कारण विमा कंपनी दावा घेताना पहिल्यांदा तोच मागते.